कुंताबाईनं पास केलेला मोहा

शिरीन: — नाटकाचा तो जंगलाचा पडदाही? अब्बा, तोही लहानूभाऊ विकत नेऊन धानावर टाकणार?

वहाब: मंग काय फ्रेम करून घरात लावनार हाये? कापून रचलेल्या धानाच्या पुंजन्यावरच टाकन. जाडं कापड, वरून रंगाचे थर. दोन पावसाचं पानी आरामात थोपवते. तू तिकडची दोरी पकड, सुरळी तिरपी होऊन राह्यली.

शिरीन: मी नाई पकडत.

वहाब: नको पकडू. तुह्या अम्मीले बोलावतो.

शिरीन: बोलवा. अम्मी कालपासून ओढणीत नाक शिंकून राह्यली. तिनं तं लहानूभाऊले चहासुद्धा नाई देणार म्हणून सांगितलं.

वहाब: तुमी माय-लेकी मिळून मले नाटक नका शिकवू. हयात गेली माही नाटकवाल्यायमंदी. हे पाय बेटा, दिवाळी होऊन गेली, गावोगाव मंडईची जत्रा लागली. आधी या दिवसात वडशाच्या या दारात बसायले जागा नाई राहे. 'वहाबभाई, आमच्या गावी बैलायचा पट हाये, रातच्या नाटकाले दरबार द्या, रस्ता द्या, जंगल तं पायजेच पायजे.' आता सकाळपासून कोन आलं? पेपरवाला. तोही समोरच्याचा पेपर आपल्याकडं टाकून गेला.

शिरीन: आता सगळे फ्लेक्स लावतात, म्हणून.

वहाब: मंग! मी तेच सांगून राह्यलो. तू पाह्यले ते फ्लेक्सवरचे झाडं? सुईसारखे पानं अन् शेंड्यावर बरफ. गडचिरोलीत बरफ! अन् त्याच्यासमोर उभा राहून नट म्हनते, 'माय, मी तेंदूपत्ता तोडायले जातो वं.' लोक गुमान पाहतात. कोनी हसत नाई, कोनी म्हनत नाई, काऊन बा, हे कोनतं झाड होय? ते पाह्यलं अन् मी म्हनलं, वहाब, आता आवर.

शिरीन: तुमी आवरा. मले काऊन नागपूरले धाडता?

वहाब: कारन मामा तुह्यासाठी शाळेत नोकरीची जागा पाहून बसला. सोमवारी जायचं. या रंगात हात घालून मले काय मिळालं? खांदा गेला, डोळा गेला. तुह्या हाताचं तसं नाई व्हायले पायजे. दुकान राह्यलं तं तू इथीच घुटमळशीन, मले मालूम हाये. म्हनून पडदे आजच जातीन.

शिरीन: एक सांगू? रागावू नका.

वहाब: म्हनजे रागावायसारखंच हाये.

शिरीन: मी आपल्या दुकानाची वेबसाईट बनवली.

वहाब: काय बनवली?

शिरीन: वेबसाईट. इंटरनेटवर. जिशानच्या कॅफेत बसून. पोळ्यापासून करून राह्यली.

वहाब: अन् मी साऱ्या मोहल्ल्याले सांगून राह्यलो, पोरगी टायपिंग शिकते!

शिरीन: पडद्यांचे फोटो टाकले, तुमचं नाव टाकलं, पत्ता टाकला. बाजूच्या मुबीनचाचाच्या दुकानाचा फोन नंबर दिला.

वहाब: अवं, दारावर एवढी मोठी पाटी हाये. माह्या हातची. अख्खं वडसा वाचते.

शिरीन: वडशाले पडदा पायजेच नाई ना अब्बा! ज्याले पायजे तो या रस्त्यानं जात नाई. अन् गेला तं काय दिसते त्याले? सुरळ्या. एक पडदा दाखवायचा म्हणलं का तुमी चार माणसं गोळा करता, बांबू शोधता. तोवर गिऱ्हाईक चहा पिऊन फ्लेक्सवाल्याकडं निघून जाते. वेबसाईटवर पडदा बारा महिने चढवलेलाच राहते. कोणीही, कुठूनही पाहू शकते.

वहाब: कोनीही, कुठूनही. बरं. कोनी पाह्यला? फोन आला मुबीनकडं?

शिरीन: नाई. अजून नाई.

वहाब: मंग झालं तं. पकड दोरी.

प्रफुल: नमस्कार. वहाब पेंटर इथेच राहतात ना?

वहाब: राहतात. पन पडदे विकले बापू. उशीर केला तुमी.

प्रफुल: विकले? सगळे?

वहाब: दुपारी ट्रॅक्टर येऊन राह्यला. तुमी कोनत्या कमिटीचे?

प्रफुल: कमिटी नाही. मी प्रफुल. पुण्याला असतो, भोसरीत, कंपनीत कामाला आहे. मूळ गाव आपलं इकडचंच, सिंदेवाहीजवळचं. सुट्टीत आलोय. तुमच्या वेबसाईटवरून पत्ता घेतला.

शिरीन: अब्बा!

वहाब: थांब, त्यायले बसू दे. बसा. तिकडं नका बसू, तो दरबार हाये, ओला हाये खालून. हां. काय म्हनले तुमी, कशावरून घेतला पत्ता?

प्रफुल: वेबसाईटवरून. त्याचं असं झालं चाचा, आमच्या भोसरीत झाडीपट्टीतली पुष्कळ माणसं आहेत. ब्रह्मपुरीची, नागभीडची, मूलची. पोटासाठी आली आणि राहिली. दर संक्रांतीला आम्ही मिळून एक नाटक करतो, हौस म्हणून. गेल्या वर्षी पडदा तिथलाच भाड्यानं आणला. नारळाची झाडं आणि मागे समुद्र.

वहाब: समुद्र!

प्रफुल: हिरो म्हणतो, चल रुखमा, मोहा वेचायला जाऊ. माझी आई पहिल्या रांगेत होती. ती उठली आणि सरळ घरी गेली. म्हणाली, 'समुद्रात कोन मोहा वेचते रे? बुडून मरतीन दोघंही.'

वहाब: शाब्बास! बरोबर बोलली बाई.

प्रफुल: आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. गुडघे गेलेत तिचे, प्रवास होत नाही. मग मी ऑफिसात एक दिवस 'झाडीपट्टी नाटक पडदे' असं शोधलं. चाचा, एकच नाव आलं. तुमचं.

शिरीन: पाह्यलं? एकच!

प्रफुल: रविवारी साहेबांना विचारून आईला ऑफिसात नेलं, कॉम्प्युटरसमोर बसवलं. फोटो उघडायला इतका वेळ लागत होता की ती म्हणाली, तोवर मी बसल्या बसल्या दाळ निवडली असती. वरून हळूहळू उघडत आला. आधी आभाळ, मग फांद्या. खोड यायच्या आधीच आई म्हणाली, 'थांब. हा माहा मोहा होय.'

वहाब: तिचा? काय नाव तुमच्या आईचं?

प्रफुल: कुंता. कुंताबाई. ढिवरांच्या मोहल्ल्यातली. माझे वडील मनसाराम, तलावावर मासोळी मारत.

वहाब: तलावाच्या पाळीले लागून घर? दारात जाळे टांगलेले? हसायले लागली का थांबे नाई, ते कुंताबाई?

प्रफुल: आता कमी हसते. पण हो, तीच.

वहाब: या अल्ला. शिरीन, तुह्या अम्मीले सांग, चहा ठेव. नाई, थांब, आधी हे ऐक. तुले मी हे कधी सांगतलं नाई, लाज वाटे म्हनून. मी वरोऱ्याचा. आमच्याकडं साऱ्या रानात कापूस. मोहा मी पाह्यला तो बाटलीतला, तोही दुसऱ्याच्या हातात. अन् इथी आल्याबरोबर नाटक कंपनीवाल्यानं जंगल काढायले लावलं. मी काढलं. मोठा मोहा काढला मधात. हिरवेगार पानं भरले अन् त्याच्यावर पांढऱ्या फुलायचे गुच्छ लटकवले. जसा बगिचा.

प्रफुल: पानं आणि फुलं, दोन्ही?

वहाब: दोन्ही! अन् पहिला प्रयोग तुमच्या गावी. फागून होता. हिरोईन त्या मोहाखाली मरते असा शीन. पेटीवाल्यानं असा सूर धरला, का दगड रडन. अन् समोर बाया हसून राह्यल्या! आधी एक, मंग सारी रांग. मेलेल्या हिरोईननं एक डोळा उघडून पाह्यलं, काय झालं म्हनून.

प्रफुल: हसणारी पहिली आईच असणार.

वहाब: अजून कोन! मी मंडपामागं तोंड लपवून बसलो. वाटलं पडदा जाळावा अन् वरोऱ्याची गाडी धरावी. तं सकाळीच कुंताबाई टोपली घेऊन हजर. म्हने, 'चला पेंटरभाऊ, तुमाले मोहा दाखवते.' पाच-सहा बाया अन् मी एकटा, गेलो मागं मागं. तिथी पाह्यलं. उघडं झाड, पान नाई अंगावर, अन् खाली फुलायचा सडा, पिवळा. साऱ्या रानात त्याचा वास. कुंताबाई म्हने, 'मोहा आधी पानं टाकते, मंग फुलते. दोन्ही कामं संगंमंग करत नाई. आमा बायासारखं नाई त्याचं.'

प्रफुल: अगदी तिचंच बोलनं होय हे. चाचा, मले तं तिचा आवाज ऐकू आला.

वहाब: पुन्याची मराठी सुटली वाटते तुमची.

प्रफुल: सुटली. सुटू द्या.

वहाब: मी तिथीच बसून पडद्यावरचे पानं खोडले. तेव्हापासून माहा नेम झाला. पडदा नवा झाला का आधी तुमच्या गावी न्यायचा, तलावाच्या पाळीवर बांबूले बांधायचा, अन् बायायनं पास करायचा. 'ऐनाचं खोड असं गुळगुळीत नसते.' 'बगळा इतका जाडा नसते, काय खाऊ घालता त्याले?' पास झाला तरच कंपनीले द्यायचा. वडशात दुसरे पेंटर होते, पन जंगल माहंच मागत. लोक म्हनत वहाबचा हात हाये. हात कुठचा? डोळे त्या बायायचे होते.

शिरीन: मंग जाणं काऊन बंद केलं?

वहाब: मनसारामभाऊ वारला, त्याच्या पुढच्या साली मी गेलो तं घराले कुलूप. शेजारी म्हने, पोरानं नेलं पुन्याले. पुन्यात कुठी, ते कोनाले मालूम नाई. बाकीच्या बायायनं पडदा पाह्यला, चांगला हाये म्हनल्या. निस्ता चांगला हाये. मी सुरळी करून घेऊन आलो. मंग नाई गेलो.

प्रफुल: अन् आई तिथं म्हणत राहे, पेंटरभाऊ कुठी असन? आमच्या घरी तुमचं नाव कोनालेच ठाऊक नाई. सारे पेंटरभाऊच म्हणत. नाव नाई, पत्ता नाई, कसं शोधू? त्या फोटोनं सापडले तुमी.

वहाब: दोघंही शोधून राह्यलो होतो म्हना.

प्रफुल: आईनं दोन निरोप दिले चाचा. पहिला, संक्रांतीले मोहाचा पडदा पुण्यात पायजे. मंडळातले सारे तयार आहेत. पुढच्या साली नवाही करून घेऊ म्हणतात, अन् तिकडं आणखी दोन मंडळं आहेत आपल्या लोकायचे, त्यायलेही मी दाखवली वेबसाईट.

वहाब: अन् दुसरा?

प्रफुल: दुसरा जरा... म्हणजे राग नका मानू. त्या तलावाच्या पडद्यात चूक आहे म्हणते.

वहाब: तलावाचा पडदा? मी तलाव कधी काढलाच नाई. दरबार, रस्ता, जंगल, देऊळ. तलाव नाई माह्याकडं.

प्रफुल: वेबसाईटवर तं आहे. शेवटचा. तलाव, डोंगा, पाळीवर पळस फुललेला.

वहाब: शिरीन.

शिरीन: मी काढला.

वहाब: केव्हा?

शिरीन: तुमी डोळ्याच्या ऑपरेशनले नागपूरले होते तेव्हा. जुन्या रस्त्याच्या पडद्याच्या मागच्या बाजूनं. जिशानच्या गोदामात लपवून ठेवला. तुमी नाई म्हणले असते.

वहाब: नाईच म्हनलं असतं. काय चूक हाये म्हनते बाई?

प्रफुल: ती म्हणे, 'पळस फुलला म्हनजे फागून. अन् फागुनात तलाव काठोकाठ? तेव्हा तं पानी उतरून अर्धा चिखल होते. त्या चिखलातच तं आमी मासोळ्या धरत होतो. ज्यानं कोनं काढला त्याले म्हना, हात गोड हाये, पन एकदा फागुनात तलावावर ये.'

शिरीन: म्हणजे नापास.

प्रफुल: बाई, तसं नाई...

शिरीन: नाई कसं भाऊ? नापासच. अब्बा, तुमी हसून राह्यले? डोळ्यात पाणी काऊन आलं?

वहाब: अवं पोरी, नापास करायले तिनं पाह्यला ना! पुन्यात बसून, दुखऱ्या गुडघ्यानं ऑफिसात जाऊन, तिनं तुहा तलाव पाह्यला अन् पानी जास्त हाये म्हनलं. मले किती वर्सं झाले, कोनी नापास नाई केलं. मले वाटे, आता कोनी पाहतच नाई. त्याच्यापायी हात गळाले होते माहे, खांद्यापायी नाई.

(बाहेर ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज. हॉर्न.)

शिरीन: लहानूभाऊ आला.

वहाब: येऊ दे. जबान दिली हाये त्याले, अन् आभाळही भरून आलं. त्याचं धान भिजायले नाई पायजे. दरबार दे त्याले, देऊळ दे, रस्ताही दे... थांब, तो जुना रस्ता नको. त्याच्या मागं तुहा तलाव हाये.

शिरीन: अन् जंगल?

वहाब: जंगल पुन्याले जाते. प्रफुलभाऊ, तुमी जरा दोरी पकडा हो तिकडची, सुरळी सरळ झाली पायजे. लांबचा प्रवास हाये.

शिरीन: अब्बा, अन् सोमवारी मामा वाट पाहणार आहे.

वहाब: मामाले मी फोन करतो मुबीनच्या दुकानातून. तू जिशानच्या गोदामात जा, तो पडदा घेऊन ये अन् त्या तलावातलं पानी उतरव. चिखलाचा रंग मी कालवून देतो.