जात्याबिगर ओवी

मेहकरहून सुटलेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर सासू-सून बसल्या होत्या.

"आत्याबाई, एकडाव म्हणून पाहा. बुलढाण्याच्या कार्यक्रमात बंजारा बाया गातीन, कव्वालीवाले येतीन, अन् तुमी मुक्या राह्यल्या त?"

"जातं फिरल्याबिगर ओवी आठवत नाही मले, सुचिता."

"मंग कार्यक्रमवाल्याईले हो काऊन म्हटलं?"

"मले वाटलं, जातं तेच ठेवतीन."

"स्टेजवर माइक ठेवतात, आत्याबाई."

"मंग काय माइक फिरवू?"

मला हसू फुटलं, तशी मांडीवर झोपलेली माझी मुक्ता दचकून रडायला लागली.

"काऊन रडून राह्यली वं माय? द्या इकडं."

आजीनं तिला मांडीवर आडवं घेतलं. मांडी डुलायला लागली, आणि पाठोपाठ आवाज आला:

"सरलं दळण बाई, सूप झालं रितं,
लेक हासली दारी, उजळलं जोतं."

मुक्ता गप्प झाली.

"आत्याबाई, आठवली ना."

"हाव. आता दुसरी बी येऊन राह्यली." आजी माझ्याकडे वळली. "तुमी कुठं उतरता, बाई?"

"मलकापूरला."

"आज बुलढाण्याले उतरा. पाच ओव्या झाल्या का लेकरू वापस देतो."