झटपट शिंपल्या
"शिंपल्यांत विष आहे हे तुम्हाला सकाळीच कळलं होतं, साहेब, आणि बाजारात इशाऱ्याची पाटी लावलीत दुपारी."

दवाखान्याच्या बाकावर बसलेला पाववाला आपला भाजलेला हात विसरला. शेजारची बाई बाजार निरीक्षकाला सुनावत होती.

"नीट उकडल्या होत्या का?"

"लसूण घालून, झाकण ठेवून. बागेतल्या जेवणाला झटपट होतात म्हणून केल्या. न उघडलेल्या सगळ्या फेकल्या."

"हे विष उकडून जात नाही, बाई."

"सासऱ्यांना मीच आग्रह केला. दात नसले तरी चालतंय म्हटलं."

"आता कसे आहेत?"

"आत खाटेवर आहेत. ओठ बधिर झालेत. म्हणतात, सुनेनं एकदाचं तोंड बंद केलं."

पाववाल्याला हसू आलं नाही. आत कुणीतरी घाईघाईने प्राणवायूची नळी मागत होतं.

"किती खाल्ल्या त्यांनी? नोंद करायचीय."

"नोंद नंतर करा. यावर उतारा आहे की नाही, तेवढं आधी सांगा."