पश्चिमेच्या भिंतीवर चार बोटं

अन् वरून मलेच म्हनतात, "सुंदरबाई, जरा दम घे वं, बोलतच राह्यली!" बोलनारच ना! काहून नाही बोलनार? तुमाले सांगते, मोजून नऊ दिवस ह्या तोंडातून एक अक्षर काढलं नाही मी. नवसच तसा होता. आमची सून रंजीता, दोन खेपा तिची कूस रिकामी झाली, अन् यंदा सातवा महिना लागला होता. म्हनून मी प्रार्थनेत म्हटलं, बापा, तुह्या नव्या चर्चची पश्चिमेची भिंत मी मुक्यानं गुळगुळीत करून देते, पहिली घंटा वाजेपर्यंत बोलत नाही, तू फक्त त्या लेकराले धरून ठेव. आमचे पाळकसाहेब म्हने, "बाई, देव असा सौदा करत नाही." म्हटलं, साहेब, सौदा नाही, विनंती हाय... अन् तोंड मिटलं, ते मिटलंच.

आता रिठदकडून आलं की उजव्या हाताले आमची वस्ती, अन् वस्तीच्या कडेले हे चर्च. मिस्तरी फक्त ढाच्यापुरता होता. प्लास्टर सुकलं अन् तो गेला, बाकीचं फिनिशिंग सगळ्या घराइनं मिळून करायचं. बापे फरशी बसवत, आमी बाया पुट्टी मारत. शिकवाले मालेगावचे जमशेदभाई पेंटर आले, दोन दिवस, फुकटात. "देखो बाई, पट्टी ऐसी पकडो, भाकर उलटते तशी. अन् एक बताओ, प्लास्टरले पानी बराबर मारलं ना? पूरे सात दिन?" सगळ्याइनं माना हालवल्या. मीबी हालवली.

इथंच माहं चुकलं. ऐका.

पान्याची पाळी लावली होती, एका घराले एक भिंत. पश्चिमेची आमची. उन्हाळ्याचे दिवस, हापशी नुसती खोकते, पानी देत नाही, तरी चार दिवस डोक्यावर पान्याचे गुंड आनून भिजवली भिंत. पाचव्या दिवशी सकाळीच रंजीताच्या पोटात दुखाले लागलं. पळालो मालेगावले. तीन दिवस दवाखान्यात. भिंत राह्यली तहानलेली! कोनाले सांगितलं? नाही. सांगू म्हटलं तवा लाज वाटली, अन् लाज गेली तवा नवस लागला. मंग काय? मी गप.

पहिल्या दिवशी दुपारी आमी निंबाखाली भाकर खाले बसलो. दाराले कुलूप, चावी लखमाच्या कंबरेले. लखमा म्हंजे आमची शेजारीन, चावी दिली की तिले तहसीलदार झाल्यासारखं वाटते. भाकर झाली, कुलूप उघडलं, अन् माह्या ओल्या पुट्टीवर... हात. उमटलेला. ताजा.

लखमा अशी वरडली! "कोनं वं मेलीनं हात लावला? दाखवा पंजे!" सगळ्याइनं पंजे दाखवले. सगळ्याइले पाच बोटं. अन् भिंतीवर चार. अंगठ्याजवळचं बोटच नाही.

अन् मी? मी गप. कारन तो हात मले ओळखू आला होता.

माही सासू, गोमतीबाई, माही आत्याबाई. तिचं ते बोट कडबा कापाच्या मशीनीत गेलं होतं. याच चर्चसाठी बावीस वर्षं सैपाकाच्या आधी ज्वारीची एक मूठ बाजूले काढली तिनं, अन् एक बोट कमी म्हनून वरून चिमूटभर जास्त. पन घरात? घरात मी जमीन सारवली की मागून यायची, अन् जिथं पातळ राह्यलं तिथं ओल्या शेनात पंजा दाबायची. "इथं पुन्हा." बस. दुसरा शब्द नाही. कधी चांगलं म्हटलं नाही माउलीनं. चार वर्षं झाली तिले जाऊन!

दुसऱ्या दिवशी घासकागदानं घासलं, पुन्हा पुट्टी मारली. दुपारी त्याच जागी पुन्हा पंजा. तिसऱ्या दिवशी पाळकसाहेब म्हने, "हे खोडसाळ लोकाइचं काम हाय, मी स्वतः आत बसतो." बसले डबा घेऊन. आमी बाहेर दोन घास खाल्ले नसतील, तं साहेब दारात. तोंड पुट्टीपेक्षा पांढरं! "मी... मी फक्त लोनच्याची बरनी उघडाले मान खाली घातली वो..."

अन् बाहेर ऊन असं, की चप्पल फुफाट्यात ठेववत नाही. पन त्या भिंतीजवळ गेलं की थंड. माठाले हात लावल्यासारखं. अन् वास कायचा यावा? सिमिटाच्या चर्चमध्ये? ओल्या शेनाच्या सारवनाचा! लखमा म्हने, "सुंदरबाई, तुलेबी येते का वं वास?" मी मान नाही म्हनून हालवली. खोटं हालवली. बाकी मी गप.

असे सात दिवस गेले. आठव्या दिवशी पंजा साधा नव्हता उमटला, रुतला होता. आतपर्यंत. अन् भोवती केसासारखी बारीक चीर, वर खिडकीपर्यंत गेलेली. मी बोटानं ठोकून पाह्यलं. टप... टप... रिकाम्या डब्यासारखं. पान्याविना मांगं प्लास्टर विटेले सोडून उभं होतं!

अन् तेवढ्यात कोन यावं? रंजीता. पोट सांभाळत, पदरानं वारा घेत. प्लास्टिकची खुर्ची ओढली अन् बसली बरोबर त्या पंज्याखाली. "आत्याबाई, इथं किती थंड लागते वो! रविवारी मी इथंच बसन."

आता सांगा, काय करू? बोलली तं नवस मोडते, तिच्याच लेकराचा. नाही बोलली तं... वर भिंत! हातवारे केले. रंजीता म्हने, "च्या पायजे का आत्याबाई?" भिंत दाखवली, हात वरून खाली आनला. लखमा म्हने, "अवं, आशीर्वाद देऊन राह्यली तुले, वाक." अन् ते पोर वाकाले लागलं!

मंग काय, उचलला हातोडा. रंजीताले कमरेनं ढकललं खुर्चीवरून दाराकडे, अन् घातला घाव पंज्याच्या मधोमध. "सुंदरबाईले बाहेरचं लागलं वं!" लखमा दाराबाहेर. पाळकसाहेब डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करून राह्यले. जमशेदभाई त्या दिवशी काम पाहाले आलेच होते, ते म्हने, "बाई, पुट्टी पसंद नाही तं बोलो ना!" बोलो? बोलताच येत नाही हो भाऊ! तिसऱ्या घावाले अख्खा पापुद्रा खाली आला, दारायेवढा. रंजीता निसटली, पन खुर्ची? खुर्चीचे तुकडे. धुराळा. कोनाले कोन दिसना. पदर दातात धरला मी, पन आवाज नाही काढला.

धुराळा बसला तवा लखमा मांगून हळूच म्हने, "सुंदरबाई... तुह्या पाठीवर काय वं?"

चोळीवर पांढरा पंजा. चार बोटं. थाप दिल्यासारखा. तुमाले सांगते, तीस वर्षं ह्या थापेची वाट पाह्यली होती मी. रडली. मुक्यानं रडली.

रविवारी उघड्या विटाइसकट घंटा वाजली. अन् माहा पहिला शब्द काय? "तीन दिवस पानी मी मारलं नाही!" भर सभेत! मंग लखमा उठली, "आमच्या भिंतीचेबी दोन राह्यले." अन् मंग पाळकसाहेब, खाली पाहून, "पुढच्या भिंतीचा... एक." जमशेदभाई डोक्याले हात लावून बसले! ठोकल्या मंग सगळ्या भिंती, अन् आनखी दोनाइचं प्लास्टर पाडलं.

रंजीताले नऊ महिने भरून पोरगी झाली. गुटगुटीत, देवाची दया! पश्चिमेची भिंत पुन्हा केली, सात नाही, दहा दिवस पानी पाजलं, पुट्टी, रंग, अशी चकचकीत, की बोट घसरावं. कालच नातीले घेऊन गेली दाखवाले. दार उघडलं...

पंजा. चार बोटं. ताजा.

नातीले लखमाजवळ दिलं, भिंत ठोकून पाह्यली. घट्ट. इकडून ठोकली, तिकडून ठोकली. घट्ट! मंग चष्मा लावून पाह्यलं, पंज्याच्या मधोमध, रंगात चिकटलेला... ब्रशचा एक केस. एक केस, आत्याबाई!

काय बोलू? आता तं बोलता येते, तरी मी गप. आन वं लखमा, घासकागद आन.