चौकशीच्या आधी

कर्जत स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे दशरथ आणि त्याची धाकटी बहीण संध्या उभी होती. दशरथ ज्या फार्महाऊसची राखण करतो तिथली पाण्याची मोटर चोरीला गेली होती आणि पोलिसांनी त्याला चौकशीला बोलावलं होतं. हे मला विचारावं लागलं नाही. तो अख्ख्या रांगेला सांगत होता.

“दादा, आधी भिसेगावला वकीलबाईंकडं जाऊ.”

“अगं, वकील अटक झाल्यावर करतात. मला नुसतं इचारायला बोलावलंय.”

“अटकेची वाट बघायला लागत नाय. मी बाईंना फोन केला. म्हणाल्या, पोलीस ठाण्यात जायच्या आधीपन वकिलाचा सल्ला घेता येतो.”

“पन मी चोरी केलीच नाय. वकील केला तर त्यांना वाटंल, यानंच केली.”

“परवा हवालदार आला तवा काय बोललास?”

“खरं तेच. चावी माझ्याकडंच असते, कुत्रा माझ्यावर भुंकत नाय आणि मोटर मला अंधारातपन खोलता येते.”

“यातलं त्यांनी काय इचारलेलं?”

“नाव.”

“दादा!”

“माझं तोंडच असं हाय गं. मुलगी बघायला गेलो, सासऱ्यांनी चहा घेणार का इचारलं, तर मी दारू कवा सोडली ते सांगितलं.”

“तिथं नुसते हसले. इथं आत टाकतील. वहिनीला काय सांगू मी?”

तेवढ्यात रिक्षा आली.

“कुठं सोडू?” रिक्षावाल्यानं विचारलं.

“हिला इचारा,” दशरथ म्हणाला. “मी वकिलाबिगर काय बोलत नाय.”