खिशातला कॅमेरा आणि सासूबाईंची लेफ्से

...आणि वर मलाच विचारतात, "डेलमार, तू बटण दाबलं होतंस ना नक्की?" अहो, दाबलं होतं! दोन्ही हातांनी धरून, श्वास रोखून, चाळीस मिनिटं पुतळ्यासारखा उभा होतो मी त्या स्वयंपाकघरात! आणि माझी मागणी तरी काय होती मुळात? व्हिडिओ काढणारा एक छोटा कॅमेरा. खिशात मावला पाहिजे आणि खिशाला परवडला पाहिजे! दोन अटी. कुत्रा घेताना यापेक्षा जास्त अटी घातल्या होत्या मी.

२००९ सालची गोष्ट. तेव्हा फोनवर लोक नुसते बोलायचे, बिचारे. आमच्या सासूबाई, आर्डिस, वय चौऱ्याऐंशी, त्या घर विकून कायमच्या निघाल्या होत्या थोरल्या लेकीकडे, ॲरिझोनाला. गुडघ्यांना मिनेसोटाचा बर्फ झेपेना. आता जाईनात का! उन्हात बसतील, बरं वाटेल. पण त्यांच्याबरोबर लेफ्सेही चालली होती ना! लेफ्से म्हणजे उकडलेल्या बटाट्याची पोळी, हातभर रुंद, इतकी पातळ की पलीकडचा माणूस ओळखू यावा. वर लोणी, साखर, गुंडाळी केली की झालं. इथल्या या मूळच्या नॉर्वेवाल्यांचा नाताळ तिच्याशिवाय होतच नाही. आणि अख्ख्या गोतावळ्यात ती एकट्या आर्डिसना जमायची. माझी बायको कॅरिन, सख्खी लेक, तिची नुसती लाटण्याला चिकटते.

मग विचारायचं ना आईला? विचारायचं! मिनेसोटात! अहो, इथे कुणी कुणाला सरळ काही विचारतं का? मी पडलो शेजारच्या आयोवाचा, जर्मन घरातला, तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती इथे येऊन, तरी पाहुणाच. इथे कॉफी हवी का म्हटलं की दोनदा 'नको' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'अर्धाच कप, तोही किटलीत उरला असेल तर'. कॅरिनने वीस वर्षं आईच्या बाजूला उभं राहून काय म्हणावं? "पीठ छान दिसतंय हं." आणि आईने काय म्हणावं? "वाईट नाही." झाली शिकवणी!

तर कॅरिन एक दिवस म्हणाली, "डेलमार, आईचे हात काढून ठेवायचे आपण. व्हिडिओत. एकदा गेली की गेली रे ती लेफ्से." आणि हे म्हणताना तिचा आवाज असा काही झाला की मी हातातला पेपर खाली ठेवला. म्हटलं, घेतो कॅमेरा. खिशात मावणारा आणि खिशाला परवडणारा, घेऊन येतो, त्यात काय!

त्यात काय? दुकानात एक मिशीवाला, माझ्याच वयाचा, गळ्यात ओळखपत्र लटकावलेला, धावतच आला. "काय शूट करणार, सर?" म्हटलं, सासूबाई. "हालचाल जलद असते?" म्हटलं, चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. "मग हा बघा, पाण्याखाली दहा फुटांपर्यंत चालतो!" अहो, सासूबाई पाण्याखाली कशाला जातील? आणि गेल्याच, तर मी वर उभा राहून व्हिडिओ काढू?

घरी आलो, इंटरनेटवर लोकांची मतं वाचायला बसलो. ते तर वेड्यांचं संमेलन! एक बाई पाच तारे देऊन लिहिते, 'अजून खोकं उघडलेलं नाही पण रंग गोड आहे.' दुसरा एक तारा देतो, 'आवाज फार स्वच्छ येतो. बायकोने ऐकला. आता मी भावाकडे राहतो.' तीन आठवडे वाचलं मी हे! डोळे गेले, झोप गेली, कॅमेरा काही येईना.

त्यात आमचा मेहुणा, वर्लिन. कॅरिनचा धाकटा भाऊ. बर्फ काढायचं यंत्र, गाडीचे टायर, माझं वजन, याला सगळ्यातलं कळतं. आला, सोफ्यावर रुतला. "तो चार्जिंगवाला घेतोयस? घे की. तुझे पैसे. मी असतो तर नसता घेतला, एवढंच." तुम्हाला हे साधं वाटेल, पण आमच्याकडे याला मुस्काटात मारणं म्हणतात! मग म्हणे, "पेन्सिल सेलचा घे. सेल काय, कुठेही मिळतात!" हे वाक्य लक्षात ठेवा बरं का. सेल कुठेही मिळतात.

घेतला शेवटी. पत्त्यांच्या जोडाएवढा, मध्ये एक लाल बटण. खिशात मावला! खिशाला परवडला! जिंकलो म्हटलं! आता एक गोष्ट सांगतो, ती बायकोपर्यंत जाऊ देऊ नका. आठवडाभर मी त्यात कुत्र्याला काढला. झोपलेला कुत्रा, उठलेला कुत्रा, परत झोपलेला कुत्रा... माणसाला सराव नको?

तर रविवारी दुपारी, चर्चहून आल्यावर, आर्डिसच्या स्वयंपाकघरात जमलो. अर्धी भांडी खोक्यांत गेलेली. सोमवारी सकाळी विमान. म्हणजे जे काय व्हायचं ते आज! मला वाटलं, आर्डिस रोजचा तो डागाळलेला एप्रन लावून येतील. आल्या कोण? केस सेट केलेल्या, ईस्टरचा निळा झगा घातलेल्या, छातीवर चांदीची पिन लावलेल्या, पासपोर्टच्या फोटोला उभ्या राहाव्यात तशा आर्डिस! आणि हातात काय? चर्चच्या बायकांनी छापलेलं पाककृतींचं पुस्तक, आणि मापाचे कप. कोरे करकरीत! किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली!

कॅरिन म्हणाली, "आई, तू कधीपासून मापाने करायला लागलीस?"

"लोक बघतील ना गं. अंदाजाने करते म्हणतील."

कोण लोक? मी, कॅरिन, वर्लिन, तिघं जण होतो आम्ही! पण नाही. इथे मिरवण्याएवढं मोठं पाप नाही, आणि पुस्तकापेक्षा आपल्याला जास्त येतं हे कॅमेऱ्यापुढे दाखवणं म्हणजे मिरवणंच की! मग काय... चष्मा लावून पुस्तक वाचायचं, कप भरायचा, सुरीने सपाट करायचा, कॅमेऱ्याकडे बघून ओठ घट्ट मिटायचे. पहिली फाटली. दुसरी तव्यावर दुमडली. तिसरीला तर मी काही बोलत नाही. आणि कुणी काही म्हणेल? वर्लिन म्हणतो, "वाईट नाही." कॅरिन म्हणते, "वेगळी झालीय." अहो, 'वेगळी' ही शिवी आहे इथे! लेकीने आईला दिली! माझ्या आतला आयोवावाला ओरडत होता, 'आर्डिस, फेका ते कप!' पण बोललो का मी? नाही. सव्वीस वर्षांत मीही बिघडलो होतो.

आणि तेवढ्यात कॅमेऱ्याने टिंग केलं आणि डोळा मिटला. सेल संपले! कुत्रा हो, कुत्रा... कळलंच तुम्हाला.

"सेल काय, कुठेही मिळतात!" वर्लिन टोपी घालून तयार. तो कुठे गप्पा मारत बसेल म्हणून कॅरिनही निघाली. आर्डिस सोडायला दारापर्यंत, मग दारातून अंगणापर्यंत, मग गाडीच्या काचेपर्यंत. दोन सेल आणायला निघालेल्या माणसांचा निरोप वीस मिनिटं चालला!

परत आल्या. आत आम्ही दोघंच.

"बंद आहे का रे ते?"

"बंद आहे."

"नक्की?"

दाखवला. मग त्यांनी पिन काढली. बाह्या सरसावल्या. कप धुऊन, पुसून खोक्यात ठेवले. तो फसलेला गोळा बाजूला सारला, उरलेला बटाटा पुढे ओढला, पिठात हात घातला आणि ना मूठ मोजली ना काही, भुरभुरलं नुसतं. आणि लाटणं माझ्या हातात!

"आर्डिस, मी आयोवाचा आहे."

"माहीत आहे. सव्वीस वर्षं सहन केलंय. हात धू."

माझ्या मनगटावर त्यांचा हात. संधिवाताने वाकडी झालेली बोटं, पिठाने पांढरी. "दाबू नकोस. ढकल. आता आपल्या कानाची पाळी चाचप. पीठ असं लागलं की थांबायचं. बास, थांब!" आणि गोल झाली हो! तव्यावर टाकली, लांब काठीने उलटली, फाटली नाही! मग त्या बोलायलाच लागल्या. ही काठी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, एनारनी, जुन्या स्कीची तासून केलेली. "पहिल्या वर्षी माझ्या सगळ्या फाटल्या. एनार बसून फाटक्या खायचा आणि म्हणायचा, मला अशाच आवडतात. खोटारडा!" आणि हसल्या. अशा हसल्या की मी सव्वीस वर्षांत ऐकलं नव्हतं ते हसू. माझे डोळे भरले, काय लपवायचं? आणि कॅमेरा कुठे? खिशात. मेलेला. खिशात मावला होता ना!

मी म्हटलं, "आर्डिस, हे कॅरिनला सांगा ना."

"तिने कधी विचारलं नाही."

"लाजते ती तुम्हाला विचारायला."

त्यांनी पुढची पोळी उलटली. "मी पण," म्हणाल्या. मग आम्ही हवेबद्दल बोललो.

दोन तासांनी सेलवाले आले! जवळचं दुकान रविवारचं बंद, मग पेट्रोल पंप, मग पंपवाल्याच्या आईचं ऑपरेशन, त्याची चौकशी. चोवीस सेल आणले, चोवीस! टेबलावर अठरा लेफ्सेंची चळत. कॅरिन बघतच राहिली. "आई... तू केल्यास?"

"डेलमारने केल्या."

वर्लिनने चार खाल्ल्या आणि म्हणाला, "वाईट नाही." मी घाईघाईने सेल घातले, बटण दाबलं, लाल दिवा लागला... आणि आर्डिसनी पिन लावली आणि खोक्यातून मापाचे कप काढले.

दोन हिवाळ्यांनी तिकडेच, ॲरिझोनात, वारल्या त्या. नाताळात तो व्हिडिओ लावतात सगळे. चाळीस मिनिटं निळ्या झग्यातल्या गप्प आर्डिस कप सपाट करतात. खरी लेफ्से, ते हसू, कुठेच नाही, म्हणून मग मला ते बटणाचं विचारतात! कॅरिन रडते. मी तिला शिकवायला गेलो तर म्हणते, "राहू दे, तुझ्या हातची आईसारखी लागते." तेव्हापासून त्रेचाळीस माणसांची लेफ्से, मी एकटा! आठवणी साठवायला एवढं शोधलं, एवढं वाचलं, आणि सापडलं कोण? मी! खिशात मावत नाही, पण सगळ्यांना परवडतो!

परवा वर्लिन आला, हातात नवा फोन, चार डोळ्यांचा. म्हणतो, "डेलमार, तू गेलास की संपलं रे सगळं. तुझे हात काढून ठेवतो. कर सुरू."

मग काय करता... मी आत गेलो, टाय बांधला, आणि मापाचे कप काढले.