शेवटची कळ

नाही ताई, तोंडी काही सांगता येत नाही मला — मी फक्त पेशी मोजतो, निदान डॉक्टरांचं. बसा ना. पंखा लावू? सकाळच्या कागदावर आईंच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या म्हणून विचारताय — वाढल्या म्हणजे ताकद वाढली का? नाही हो. बायकोनंही मला हेच विचारलं होतं. हाडांच्या आत मऊ गर असतो, रक्त तिथं तयार होतं. कधी कधी तिथल्या पेशी पिकतच नाहीत — कच्च्याच राहतात, कामाला शून्य, पण नुसत्या वाढतात आणि जागा अडवून बसतात. मग तांबड्या पेशींना जागा उरत नाही, माणूस चार पायऱ्यांत धापा टाकतो. प्लेटलेट्स घटतात, नुसतं धरलं तरी अंग काळंनिळं. तुमच्या आईंना असंच असेल असं नाही म्हणत मी — हे आपलं विचारलंत म्हणून. हे बघा, हे मोजायचं यंत्र. काचेवर रक्ताचा थेंब पसरायचा, मायक्रोस्कोपखाली जी पेशी दिसेल तिची कळ दाबायची, शंभर झाल्या की घंटी वाजते. बाकीच्या कळांवरची अक्षरं पुसून गेलीत. शेवटची बघा, नवीकोरी — ती कच्च्या पेशींची. सहसा लागतच नाही.

बायकोच्या वेळी लागली. एकोणसाठदा. आणि मी काय करावं? सव्वीस वर्षं हेच काम — तरी वाटलं, रक्ताची नळीच दुसऱ्या कुणाशी बदलली असणार. घरी सांगितलं, रक्त गोठलं, परत द्यावं लागेल. तिनं बाही वर केली. म्हणाली, "जन्मभर माझं रक्त आटवलंत, आता उरलेलं काढूनही घ्या." पुन्हा तेच आलं. तरी तिसऱ्यांदा घेतलं — आधीच्या सुयांच्या जागी दंडभर काळं पसरलेलं दिसत होतं, तरी. सहा दिवस गेले त्यात. सहा दिवसांनी काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. म्हणणारच. मी खोटं बोलतोय हे तिला कधी कळलं, ते विचारायचं राहून गेलं.

म्हणून आता ठरवूनच टाकलंय — अशी काच दिसली की दुसऱ्यांदा मोजत बसायचं नाही, कुणाच्या हाती पाठवायची नाही, स्वतः जिना चढून डॉक्टरांसमोर ठेवायची. आज आईंची काचसुद्धा मी हातातला घास टाकून —

पाणी घ्या, ताई.

डॉक्टर वरच आहेत. डावीकडचं दार. जिना सावकाश चढा.