एकच घंटी

धंतोलीतल्या दवाखान्यात पाठ दाखवायला आलेल्या वच्छलाने मान वळवली नाही, पण तिचे कान शेजारच्या बाकावरच्या एस.टी. ड्रायव्हरकडे आणि त्याच्या बायकोकडेच लागले होते.

“झोपेचं डॉक्टरले सांगू नोको वं, प्रयाग. गाडी काढून घेतील माह्याकडून.”

“मंग काय सांगू? पोटात जळजळते म्हणून?”

“तेच सांग. खोटं थोडीच आहे?”

“अन् रातभर झोपेत ब्रेक मारता, ते? माही पोटरी काळीनिळी झाली.”

“लय लागते काय वं?”

“लागू द्या. त्या वळणावर तुम्ही ब्रेक मारला म्हणून तो बंडीवाला वाचला ना जी? बैलाले खरचटलंबी नाई. मंग काहून रोज त्याच वळणावर जाऊन राहिले?”

“मी कुठी जातो? डोये मिटले का वळणच येते समोर.”

“काल माह्या हातून वाटी पडली, तं घास तोंडापाशीच थांबला तुमचा.”

“कंडक्टरची घंटी वाटली. एक वाजली का थांबाचं, दोन वाजल्या का निघाचं. उमर गेली त्याच्यात.”

आत डॉक्टरांनी टेबलावरची घंटी टणकन वाजवली. ड्रायव्हरचा उजवा पाय फरशीवर करकचून दाबला गेला.

“चला, आपला नंबर आला.”

“हो.”

“उठा ना जी!”

“उठून राहिलो ना.”

पाय काही हलेना. वच्छला आता सरळ वळूनच पाहू लागली. प्रयागबाईने कनवटीची किल्ली काढली आणि बाकाच्या लोखंडी दांडीवर हळूच वाजवली.

टण, टण.

ड्रायव्हर उठला.